कानाच्या कडेवरची खपली : किडनी प्रत्यारोपण झालेल्या एका द्राक्ष बागायतदाराचं प्रकरण

डाव्या कानाच्या वरच्या कडेवर मसुराच्या दाण्याएवढी खपली. ती धरायची, आंघोळीत निघायची, थोडं रक्त यायचं आणि आठवडाभरात पुन्हा धरायची. चार महिने हे चाललं होतं. बागेच्या ओळीतून वाकून जाताना मांडवाची तार कानाला घासणं नेहमीचंच, त्यामुळे तार लागली असेल असं घरात सगळ्यांनी धरून चालवलं. आधी हळद झाली. मग मेडिकलमधून एक ट्यूब आणली, जिच्यात बुरशीचं, जंतूंचं आणि स्टिरॉइडचं अशी तिन्ही औषधं एकत्र असतात. लाली गेली, खाज गेली. खपली राहिली.

वय ५२. निफाड तालुक्यात पाच एकर द्राक्षबाग. चौदा वर्षांपूर्वी किडनी बदललेली, आणि ती किडनी पत्नीनं दिलेली. त्यांना इथे नाना म्हणू, पत्नीला काकू. हे कुणा एका खऱ्या रुग्णाचं नाव बदलून सांगितलेलं चरित्र नाही. प्रत्यारोपण झाल्यावरही उन्हात राबणाऱ्या माणसांच्या बाबतीत जे घडू शकतं, ते एका घराभोवती गुंफून मांडलं आहे. औषधं, आकडे आणि अभ्यास मात्र खरे आहेत.

हे प्रकरण मांडावंसं वाटलं, कारण आपल्याकडे प्रत्यारोपणानंतरच्या सल्ल्यात ऊन हा विषय फारसा येत नाही. नानांना दवाखान्यातून घरी सोडताना जे सांगितलं ते त्यांना आजही तोंडपाठ आहे: पाणी उकळून प्या, कच्ची कोशिंबीर नको, गर्दीत मास्क, सर्दी-तापाच्या माणसापासून लांब, गोळीची वेळ पाच मिनिटंही चुकवू नका. उन्हाबद्दल एक ओळ नव्हती. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. भारतातल्या एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी धरला जातो, आणि प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या वर्षात रुग्ण दगावतो तो बहुतेकदा जंतुसंसर्गानं. डॉक्टरांचं लक्ष तिकडे असणार. पण किडनी चौदा वर्षं टिकली की प्रश्न बदलतात, आणि सल्ला मात्र पहिल्या वर्षाचाच राहतो.

टोपी काढून पाहिलं तेव्हा

दर तीन महिन्यांनी नाना तपासणीला जात होते. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), रक्तातली औषधाची पातळी, रक्तदाब, साखर. फाइल जाडजूड झाली होती आणि सगळे आकडे उत्तम होते. कान कुणी पाहिला नाही. नानांनीही दाखवला नाही. किडनीच्या डॉक्टरांना कानाची खपली काय दाखवायची, असं त्यांना वाटलं. बोलल्या त्या काकू. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा ठिपका तिसऱ्यांदा दिसला तेव्हा त्यांनीच त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

तिथली तपासणी नानांना अवघड वाटण्याइतकी सविस्तर झाली. टोपी काढून टाळू, दोन्ही कान पुढून-मागून, मान, खालचा ओठ, हातांच्या मागच्या बाजू, कोपरापासून मनगटापर्यंतचे हात. मग सदरा. मग तळपाय, नखं आणि जांघेचा भागही. डॉक्टर डोळ्यांनी जेवढं पाहत होते तेवढंच बोटांनी चाचपत होते, कारण उन्हानं बिघडलेल्या कातडीचे सुरुवातीचे चट्टे सावळ्या त्वचेवर दिसत कमी आणि हाताला जास्त लागतात. हातांच्या मागे असे चार खरखरीत चट्टे सापडले. यांना ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. सगळ्यांचा कर्करोग होत नाही, पण कर्करोग ज्या जमिनीत उगवतो ती हीच. बोटांच्या पेरांवर सात-आठ चामखिळी होत्या, त्या नाना शेतकऱ्याचे घट्टे समजत होते. कानावरच्या खपलीखाली बोटाला टणक बुड लागत होतं.

बायोप्सीचा अहवाल आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कर्करोग. सुरुवातीच्या टप्प्यातला, पेशी अजून सामान्य पेशींशी बऱ्यापैकी मिळत्याजुळत्या असलेला. कानासमोरच्या आणि मानेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे असा कर्करोग आधी जिथे पसरतो त्या गाठी, साध्या होत्या.

एवढ्याशा खपलीला घाबरायचं का, हा प्रश्न नानांच्या मुलानं विचारला. सामान्य माणसाच्या पाठीवर अशी खपली असती तर उत्तर सौम्य असतं. इथे दोन गोष्टी वाईट जुळल्या होत्या. कान आणि ओठ या जागांवरचा हा कर्करोग गाठींमध्ये पसरण्याचा धोका इतर जागांपेक्षा जास्त असतो. आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात तो वेगानं वाढतो, एकामागोमाग एक नवे येतात.

ऊन तेच, माणूस बदललेला

नानांचा पहिला आक्षेप रास्त होता. "माझा बाप ऐंशी वर्षांचा होऊन गेला. आयुष्यभर उन्हात. त्यांना काही झालं नाही." खरं आहे. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन हे चांगलं संरक्षण आहे. १९७९ साली झालेल्या एका मोजमापात कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेचं नैसर्गिक संरक्षण सरासरी एसपीएफ (उन्हानं भाजण्यापासून संरक्षणाचा आकडा) १३ च्या आसपास आणि गोऱ्यांचं ३ च्या आसपास आढळलं. आपण बहुतेक भारतीय या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. नानांच्या वडिलांना ते पुरलं.

नानांना न पुरण्याचं कारण त्यांच्या गोळ्यांच्या डबीत आहे. अतिनील किरण पेशीतल्या डीएनएची मोडतोड रोजच करतात. पेशी बहुतेक मोडतोड दुरुस्त करते. जी पेशी बिघाडासकट वाढू लागते, तिला ओळखून संपवायचं काम प्रतिकारशक्तीचं. परकी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून नानांचा हा पहारा चौदा वर्षं मुद्दाम सैल ठेवलेला आहे. याच सैल पहाऱ्यात चामखिळीचा विषाणूही फोफावतो, आणि त्याच्या काही जातींचा त्वचेच्या कर्करोगात हात असल्याचं मानलं जातं. म्हणून पेरांवरच्या चामखिळी फक्त दिसायला वाईट एवढीच बाब नव्हती. पहारा किती सैल आहे ते त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या.

पण माझ्या मते या प्रकरणातला कळीचा मुद्दा एका विशिष्ट गोळीचा आहे. नानांना सुरुवातीपासून सायक्लोस्पोरिन, अॅझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड) ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती. मायकोफेनोलेट हे त्यांच्यातल्या दुसऱ्याच्या जागी चालणारं नवं औषध तेव्हाही मिळत होतं, पण महाग पडायचं, आणि आयुष्यभर घ्यायच्या गोळीचा महिन्याचा खर्च शेतकऱ्याच्या घरात आधी विचारला जातो. अॅझाथायोप्रिन स्वस्त, जुनं, भरवशाचं. त्याची अडचण अशी की ते शरीरात मोडून तयार होणारा एक अंश डीएनएमध्येच जाऊन बसतो आणि तो अंश यूव्हीए, म्हणजे लांब लहरींचे अतिनील किरण, शोषून घेतो. साधा डीएनए हे किरण फारसे शोषत नाही. २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनानं दाखवलं की अॅझाथायोप्रिन आणि यूव्हीए एकत्र आले की पेशीतच डीएनएला इजा करणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. म्हणजे जे किरण त्वचा भाजत नाहीत, काचेतून आत येतात, ढगाळ हवेतही पोचतात, ज्यांची आपण कधी दखल घेत नाही, तेच नानांना जास्त बाधत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सूर्यप्रकाश, अॅझाथायोप्रिन आणि सायक्लोस्पोरिन या तिन्हींना कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

डबीत चौथी गोष्टही निघाली. रक्तदाबाची गोळी, नावापुढे ‘एच’ असलेली. हा एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. डेन्मार्कमधल्या मोठ्या नोंदणी-अभ्यासात असं दिसलं की आयुष्यात या औषधाचं एकूण ५० हजार मिलिग्रॅम किंवा जास्त सेवन झालेल्यांमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचं प्रमाण सुमारे चौपट होतं. दिवसाला २५ मिलिग्रॅम धरलं तर हा आकडा साडेपाच वर्षांत गाठला जातो. तो अभ्यास गोऱ्या लोकांवरचा, आपल्याला तसाच लागू करता येणार नाही. पण रक्तदाबाला दुसरी औषधं उपलब्ध असताना नानांसारख्या माणसाला हीच का द्यायची? ती बदलली. त्यासाठी एक रुपयाही जास्त लागला नाही.

परदेशी आकड्यांचं काय करायचं

अहवाल आल्याच्या रात्री मुलानं मोबाइलवर शोधलं आणि घर हादरलं. प्रत्यारोपण झालेल्यांत या कर्करोगाचा धोका ६५ ते २५० पट. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये किडनी बदललेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना वीस वर्षांत त्वचेचा कर्करोग.

आकडे खरे आहेत, माणसं वेगळी आहेत. ते गोऱ्या त्वचेचे आणि जगातल्या सर्वांत कडक उन्हाच्या प्रदेशांपैकी एकाचे आकडे. ते भारतीय रुग्णाला जसेच्या तसे ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं. नुसत्या भीतीनं माणूस बागेत जायचं सोडतो आणि घरात खचून बसतो. उलट ‘आपल्याला होत नाही’ हेही तितकंच चूक. जास्त उपयोगी अभ्यास फिलाडेल्फियाचा आहे, २०१६ च्या सुमाराचा. तिथे प्रत्यारोपण झालेल्या ४१३ जणांत गोरे नसलेले बरेच होते, आणि अशा १५ जणांना, म्हणजे गोरे नसलेल्यांपैकी जवळजवळ सहा टक्क्यांना, त्वचेचा कर्करोग सापडला. आशियाई रुग्णांत तो बहुतेक उघड्या अंगावर होता, आणि तो झालेले लोक विषुववृत्ताजवळच्या कडक उन्हाच्या प्रदेशांत राहून आलेले होते. कृष्णवर्णीय रुग्णांत मात्र तो कपड्याखाली, जांघेच्या आणि गुप्तांगाच्या भागात होता आणि चामखिळीच्या विषाणूशी जोडलेला होता.

म्हणून आपल्यासारख्यांची तपासणी दोन्हीकडे व्हायला हवी. कान, ओठ, हात तर पाहायचेच. सदरा आणि धोतराच्या आतही पाहायचं. नानांना त्या दिवशी जे अवघड वाटलं ते अनावश्यक नव्हतं. बायकांच्या बाबतीत ही तपासणी तर हमखास राहून जाते, कारण त्या सांगत नाहीत आणि कुणी विचारत नाही.

शस्त्रक्रिया सोपी होती, गोळ्यांचा निर्णय अवघड

कानाचा तो तुकडा भोवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीसकट काढला. कडा स्वच्छ निघाल्या. कान थोडा लहान दिसतो, ऐकू पूर्ण येतं. हातांवरचे चट्टे द्रव नायट्रोजननं गोठवून काढले.

टाके निघाले त्या दिवशी नाना म्हणाले, "गोळ्यांनीच होतंय ना हे सगळं? मग बंद करू गोळ्या."

हे वाक्य अशा प्रत्येक घरात उच्चारलं जाण्याची शक्यता आहे, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका त्या वाक्यात आहे. गोळ्या मनानं थांबवल्या तर काही आठवड्यांत किडनी नाकारली जाऊ शकते. मग पुन्हा डायलिसिस. काकूंनी एवढंच म्हटलं, "अहो, ती किडनी माझी आहे. तुम्ही एकट्यानं नाही ठरवायचं."

ठरवलं ते किडनीच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून. असा फोन होणं हेच मला उपचाराइतकं महत्त्वाचं वाटतं. दोन वेगळ्या इमारतींतले दोन तज्ज्ञ आपापल्या कागदावर लिहीत राहिले असते तर कुणीच अॅझाथायोप्रिनला हात लावला नसता. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. एकूण मात्रा थोडी उतरवणं. अॅझाथायोप्रिन काढून मायकोफेनोलेट देणं; असं केल्यावर त्वचेची यूव्हीएबद्दलची संवेदनशीलता उतरते असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. आणि तिसरी, सायक्लोस्पोरिन काढून सिरोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं वेगळं औषध देणं. या तिसऱ्या वाटेबद्दल फ्रेंच संशोधकांच्या पुढाकारानं झालेला १२० रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्येच प्रसिद्ध झाला. हा कर्करोग एकदा होऊन गेलेल्या किडनीच्या रुग्णांत, सिरोलिमसवर गेलेल्यांपैकी २२ टक्क्यांना दोन वर्षांत नवा कर्करोग झाला, जुन्याच औषधावर राहिलेल्यांत ३९ टक्क्यांना. पण दुष्परिणामही बरेच झाले आणि जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांना सिरोलिमस सोडावं लागलं. जखम भरायला ते वेळ लावतं, लघवीतून प्रथिनं जाऊ शकतात, तोंड येतं.

नानांच्या लघवीत आधीच थोडी प्रथिनं होती. म्हणून अॅझाथायोप्रिनच्या जागी मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिनची पातळी जराशी खाली, आणि सिरोलिमस हाताशी राखून ठेवलेलं. दुसरा कर्करोग झाला तर तो विचार पुन्हा होईल. बदलानंतर दोन महिने क्रिएटिनिन दर पंधरा दिवसांनी पाहिलं. ते हललं नाही.

खरड छाटणी आणि बोडकी बाग

आता मूळ प्रश्न. "उन्हात जाऊ नका" हा सल्ला द्राक्ष बागायतदाराला देणं म्हणजे काहीच न सांगणं. मी अशी पत्रकं पाहिली आहेत ज्यांच्यावर समुद्रकिनारा, छत्री आणि गॉगल असतो. नाना किनाऱ्यावर ऊन खायला कधी गेलेले नाहीत. त्यांचं ऊन कामाचं आहे, आणि कामाला स्वतःचं वेळापत्रक आहे.

ते वेळापत्रक नीट पाहिलं तर धोका वर्षभर सारखा पसरलेला नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. काड्या कापून वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या जाड फांदीपर्यंत, उघडा करतात. ज्या मांडवाखाली जानेवारीत सावली असते, तोच मांडव एप्रिलच्या मध्याला नुसती तारांची जाळी असतो. नव्या फुटी येऊन पानांचं छत धरेपर्यंत मेचा बराच भाग जातो. आणि याच काळात सूर्य डोक्यावर येतो. नाशिकच्या अक्षांशावर शून्य सावलीचा दिवस मेच्या तिसऱ्या आठवड्यात पडतो. स्वच्छ आकाश असेल तर तेव्हा दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, म्हणजे मोजपट्टीच्या शेवटच्या ‘अतितीव्र’ गटात. वर्षातलं सर्वांत कडक ऊन आणि बागेतली सर्वांत कमी सावली एकाच वेळी येतात. नाना चौदा वर्षं प्रत्येक एप्रिलमध्ये तिथे उभे होते, मजुरांच्या बरोबरीनं, कारण छाटणी मालकाच्या नजरेखाली झाली पाहिजे असा त्यांचा आग्रह.

त्यांना घड्याळापेक्षा सावली कळते. म्हणून नियम सावलीचा ठेवला: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की बागेबाहेर. एप्रिलमध्ये ते साधारण साडेनऊच्या सुमाराला घडतं आणि साडेतीनच्या पुढे सावली पुन्हा लांबते. छाटणी सकाळी साडेसहाला सुरू करून साडेनऊला थांबवायची, पुन्हा चार-साडेचारनंतर. मजुरांच्या उक्त्या कामात हे बसवताना कुरकुर झाली, दोन दिवस जास्त लागले. पण मजुरांनाही दुपार टळली. मधल्या वेळेतली देखरेख मुलानं घेतली. हा बदल नानांना गोळ्यांपेक्षा जड गेला.

दुपारी बागेत जाण्याचं दुसरं कारण वीज होती. थ्री फेजची पाळी दुपारी आली की मोटार चालू करायला विहिरीवर आणि व्हॉल्व्ह फिरवायला बागेत. मोबाइलवरून मोटार चालू करणारा स्टार्टर बसवल्यावर विहिरीची फेरी वाचली. त्वचेच्या कर्करोगाचा प्रतिबंध म्हणून कुणी मोटारीचा स्टार्टर लिहून देत नाही. नानांच्या कानासाठी मात्र तो कुठल्याही ट्यूबइतकाच कामाचा ठरला.

कपड्यांचा धडा बागेतच तयार होता. कामाला येणाऱ्या बायका पाहा: साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, डोक्या-कानांवरून मानेपर्यंत गच्च बांधलेला स्कार्फ, फक्त डोळे उघडे. त्वचा रापू नये म्हणून त्या हे करतात, आणि अनायासे उत्तम संरक्षण मिळवतात. पुरुष मात्र बंडी किंवा अर्ध्या बाहीचा शर्ट आणि पांढरी टोपी. आपली टोपी टाळू झाकते. कान, नाक, मान सगळं उघडं. नानांचा रोग बरोबर तिथे उगवला जिथे टोपी संपते. त्यांनी टोपी सोडली नाही, सोडायला लावूही नये. बागेत जाताना टोपीवरून उपरणं कानांवर आणि मानेवर येईल असं बांधायचं आणि त्यावर चार बोटं रुंद काठाची हॅट. पहिल्या दिवशी मजूर हसले. आठवड्यानं कुणी पाहिलंही नाही.

कापडाची परीक्षा साधी: उजेडाकडे धरा, पलीकडचा उजेड स्पष्ट दिसला तर तेवढंच ऊनही आत येणार. धुऊन धुऊन विरलेला पांढरा सुती शर्ट फार कमी अडवतो, घामानं भिजला की आणखी कमी. दाट विणीचा, गडद रंगाचा, सैल शर्ट चांगला. जाड खादी चालते. जीन्सचं कापड जवळजवळ काहीच आत सोडत नाही, पण मेमध्ये ते अंगावर सहन होत नाही, म्हणून त्याचा आग्रह नको. ५० टक्क्यांचं शेडनेट बांधून त्याखाली दिवसभर बसलं की झालं असं मुलाला वाटत होतं. पण नावच सांगतं, निम्मं ऊन आत येतंच.

आणि थंडी. नोव्हेंबर-डिसेंबरात डिपिंगची, म्हणजे घड द्रावणात बुडवण्याची, कामं चालतात, नाशिकची हवा गार असते, ऊन सुखाचं वाटतं. अतिनील किरणांना उष्णता नसते. डिसेंबरच्या दुपारीही निर्देशांक ३ च्या बराच वर असतो, आणि ३ पासून संरक्षण घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा वेलीला पानं असतात ही जमेची बाजू. उघडं ऊन मिळतं ते बांधावर, ट्रॅक्टरवर आणि मोटारसायकलवर. हँडल धरलेल्या हातांच्या मागच्या बाजूंवरच नानांचे चारही चट्टे होते. हातमोजे आले.

सनस्क्रीनचा हिशेब

सनस्क्रीन मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण आपल्याकडे चर्चा तिथूनच सुरू होते आणि तिथेच संपते. त्याचा उपयोग होतो याबद्दल शंका नको. बर्लिनमध्ये प्रत्यारोपण झालेल्या १२० जणांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ६० जणांनी एसपीएफ ५० च्या वरचं सनस्क्रीन नियमित लावलं, त्यांच्यात एकही स्क्वॅमस सेल कार्सिनोमा झाला नाही. उरलेल्या ६० जणांत आठ झाले. लहान अभ्यास, गोरी त्वचा. तरी फरक ठळक आहे.

पण लावायचं किती? चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधल्या बोटावर काढलेल्या दोन पूर्ण रेघा. कान आणि हातांच्या मागच्या बाजू धरून एका वेळेला तीन ग्रॅमच्या आसपास जातं. घाम येणाऱ्यानं दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. दिवसाला दोनदाच धरलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब आठ-नऊ दिवसांत संपते. महिन्याला तीन-चार ट्यूब. एकेक ट्यूब काही शे रुपयांची, आणि ती सौंदर्यप्रसाधनात मोडते, औषधात नाही. हा खर्च मायकोफेनोलेटच्या वाढलेल्या खर्चावर येतो. परवडत नाही म्हणून माणूस वाटाण्याएवढं लावतो आणि संरक्षण झालं समजून दुपारी उभा राहतो. हे न लावण्यापेक्षाही वाईट.

म्हणून नानांसाठी क्रम असा ठरला: आधी वेळ, मग कापड, आणि कापड जिथे पोचत नाही तिथेच सनस्क्रीन. नाक, गाल, कान, मानेची पुढची बाजू, खालचा ओठ. असं केलं की ट्यूब तीन आठवडे पुरते. वर एसपीएफ ५० आणि यूव्हीएसाठी पीए पुढे चार अधिक चिन्हं असलेली निवडली. अॅझाथायोप्रिन घेतलेल्या माणसाला ही दुसरी खूण पहिल्या आकड्याइतकीच महत्त्वाची. पांढरा थर चेहऱ्यावर दिसतो म्हणून नाना लावत नव्हते. मातकट रंगाची मिळाल्यावर लावू लागले.

ऊन टाळलं की ड जीवनसत्त्व उतरतं, आणि स्टिरॉइड घेणाऱ्याची हाडं आधीच नाजूक. ते रक्तात तपासून डॉक्टरांनी गोळी दिली. ते मिळवण्यासाठी उन्हात बसायचं नाही. निकोटिनामाइडच्या (ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) गोळ्यांचा सल्ला एका नातेवाइकानं फोनवर पाठवला होता. ऑस्ट्रेलियात ३८६ जणांच्या अभ्यासात २०१५ साली त्यानं नवे त्वचाकर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले होते, हे खरं. पण त्या लोकांचं प्रत्यारोपण झालेलं नव्हतं. प्रत्यारोपण झालेल्या १५८ जणांवरच्या २०२३ च्या अभ्यासात फायदा दिसला नाही. नानांनी ते सुरू केलं नाही.

हेच सगळं कमी-अधिक फरकानं इतरांनाही लागू आहे: आतड्याच्या आजारासाठी किंवा पेम्फिगस या त्वचेवर फोड आणणाऱ्या आजारासाठी वर्षानुवर्षं अॅझाथायोप्रिन घेणारे, लिम्फोसाइटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण, एचआयव्हीसह जगणारे. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असेल तर ऊन मूळ आजारच भडकवतं. आणि कोडासाठी सोरालेन हे त्वचेला उन्हाला हळवं करणारं औषध लावून किंवा खाऊन उन्हात बसण्याचा उपचार अशा माणसानं आपल्या डॉक्टरांना न विचारता कधीही करू नये.

दीड वर्षानंतर

महिन्याच्या पहिल्या रविवारी काकू नानांची तपासणी करतात: टाळू, कानांच्या मागे, ओठ, हात, नखं, तळपाय. जांघेचा भाग नाना स्वतः आरसा घेऊन पाहतात. संशयाच्या जागेचा मोबाइलवर फोटो, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे पुढच्या महिन्यात वाढ कळते. चार आठवड्यांत न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा धरणारी खपली, बुडाशी टणक लागणारी किंवा दुखरी चामखीळ, यांपैकी काहीही दिसलं तर तपासणीची ठरलेली तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे दर चार महिन्यांनी फेरी होते, आणि दर वेळी मानेतल्या गाठीही चाचपल्या जातात.

कानावर परत काही आलेलं नाही. किडनी ठीक आहे. हातांवर दोन नवे खरखरीत चट्टे आले, ते वेळीच गोठवले. गेल्या एप्रिलची छाटणी सकाळ-संध्याकाळच्या पाळ्यांत पार पडली. शेवटच्या दोन दिवशी मजूर कमी पडले आणि नाना दुपारी बारापर्यंत उभे राहिले, हे त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. खालच्या ओठाच्या उजव्या बाजूला एक कोरडा पांढुरका पट्टा दिसतो आहे. तिथे पूर्वी तंबाखूची चिमूट धरायचे, त्यामुळे कारण ऊन की तंबाखू हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहायचं आहे. तसाच राहिला तर बायोप्सी, आणि तिचा निकाल वाईट आला तर सिरोलिमसचा विषय पुन्हा निघेल.